एवढं मोठं रडार असून होडी दिसत कशी नाही? खवळलेल्या समुद्रातलं रडार, सोप्या भाषेत

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि कोकणातल्या बंदरांतून बोटी सुटतात. पाऊस तेव्हा अर्धाच झालेला असतो, नैऋत्येचा वारा जोरात, दर्या अजून निवलेला नाही, मध्येच बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवेचा इशारा, लागतो, काही बोटी परत फिरतात आणि काही बाहेरच राहतात. आणि त्याच पाण्यातून मुंबई आणि न्हावाशेव्याला येणारी जाणारी दोनशे-तीनशे मीटर लांबीची जहाजं चाललेली असतात. जहाज आणि बोटीच्या टकरीच्या बातम्या आपल्या पश्चिम किनाऱ्याला नव्या नाहीत. जून २०१७ मध्ये कोचीजवळ अँबर एल हे मालवाहू जहाज आणि कार्मेल माता ही बोट, एप्रिल २०२१ मध्ये मंगळूरच्या बाहेर खोल समुद्रात एपीएल ल आव्र हे कंटेनर जहाज आणि राबाह ही बोट. दोन्ही वेळा माणसं गेली.

मी मर्चंट नेव्हीत ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, वॉच (पहारा) करणारा माणूस, त्यामुळे सुट्टीवर आलो की असली बातमी निघाल्यावर प्रश्न हमखास माझ्याकडेच येतो. अरे शेकडो कोटींचं जहाज, वर रडार गरगर फिरतंय, आणि समोरची बोट दिसत नाही म्हणजे काय, झोपले होते का सगळे? आता कधीकधी खरंच हलगर्जीपणा असतो, ते मी नाकारणार नाही. पण टक्क जागा माणूस आणि चांगलं चालू असलेलं रडार असूनही खवळलेल्या समुद्रात लाकडी बोट निसटू शकते, कारण पडद्यावरच्या लाटा पुसायचं जे बटण आहे ना, तेच बटण बोटसुद्धा पुसतं. बाकी सगळं या एका भानगडीभोवती फिरतं.

रडार फोटो काढत नाही

सिनेमात दाखवतात तसं रडारच्या पडद्यावर जहाजाचा आकार वगैरे काही दिसत नाही. वरची फिरणारी पट्टी, तिला आपण अँटेना म्हणू, ती रेडिओ लहरींचे अगदी छोटे छोटे ठोके सोडते, सेकंदाला शेकड्यांनी ते हजारोंनी. समोर काही असेल तर त्यावर आपटून थोडीशी लहर परत येते, तिला एको म्हणतात. जायला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर आणि अँटेना तेव्हा कुठे बघत होती त्यावरून दिशा, बस एवढंच. लहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जाते, त्यामुळे परतीचा प्रवास धरून एका मायक्रोसेकंदाला १५० मीटर असा हिशोब.

परत आलेल्या एकोला नाव-गाव नसतं. रडारला बोट, लाट, पाऊस, बोया (पाण्यात नांगरलेली तरंगती खूण) असलं काही कळत नाही, त्याला एवढंच कळतं की अमुक दिशेला अमुक अंतरावरून इतक्या जोराची लहर परत आली. लोखंडी जहाज जोरात उत्तर देतं. लाकूड आणि फायबर बरीचशी लहर आरपार जाऊ देतात, त्यामुळे आपल्या मच्छीमार बोटीचा एको म्हणजे मुख्यतः तिचं इंजिन, विंच, लोखंडी तारा, केबिनचा धातूचा काही भाग असेल तर तो. पाण्यात पडलेल्या माणसाचा एको जवळपास नसल्यातच जमा.

लाटासुद्धा उत्तर देतात

शांत समुद्र आरशासारखा वागतो, लहर तिरकी आपटते आणि पुढे निघून जाते, परत येत नाही. वारा सुटला की पाण्याला उभे चेहरे तयार होतात आणि त्यातला जो चेहरा जहाजाकडे वळलेला असतो तो लहर परत पाठवतो. असे हजारो चेहरे. मग पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे आपल्या जहाजाभोवती, ठिपक्यांचा एक दाट पांढरट गोळा दिसायला लागतो. याला सी क्लटर म्हणतात, मी पुढे नुसतं क्लटर म्हणेन.

हा गोळा गोल नसतो ही गंमत. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला तो जास्त पसरतो, कारण लाटेचा उभा चेहरा वाऱ्याच्या पुढे असतो, म्हणजे वाऱ्याकडे बघणाऱ्याला तोच समोर येतो, आणि वाऱ्याच्या उलट बाजूला लाटेची उतरती पाठ दिसते जिच्यावरून लहर घसरून जाते. पावसाळ्यात अरबी समुद्रात वारा नैऋत्येचा, म्हणून मुंबईहून बाहेर पडून दक्षिणेला किंवा पश्चिमेला निघालेल्या जहाजाला पुढच्या बाजूलाच सगळ्यात जास्त क्लटर. नेमकं जिकडे बघायचं तिकडे. साध्या वाऱ्यात गोळा तीन-चार मैल, चांगला खवळला की आठ मैलांपर्यंतही जातो (मैल म्हणजे इथे सागरी मैल, १८५२ मीटर).

लांबून येणारी नुसती मोठी गुळगुळीत लाट, जिला आम्ही स्वेल म्हणतो, ती एकटी फारसं क्लटर देत नाही. तिच्या अंगावर वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटा देतात. पण स्वेल दुसराच खेळ करते, ती बोट लपवते. मोठ्या जहाजाचं रडार पाण्यापासून साधारण ३० मीटरवर आणि बोटीच्या डोलकाठीचं टोक ४ मीटरवर धरलं तर पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब करून ती १६ मैलांवरून दिसायला हरकत नाही. प्रत्यक्षात बोट दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात गेली की समोरची लाट तिला झाकते, आणि लाटेचा एक फेरा आठ-दहा सेकंदांचा असतो. रडारची अँटेना मिनिटाला साधारण २४ फेऱ्या मारते, म्हणजे अडीच सेकंदाला एकदा त्या दिशेला बघते. तर लाटेच्या एका फेऱ्यात रडार तिकडे चारेक वेळा बघणार, त्यातल्या एक-दोन वेळा बोट खड्ड्यात असणार. पडद्यावर ठिपका आला, गेला, परत आला, गेला. आजूबाजूच्या लाटांचे ठिपकेही अगदी तसेच येत जात असतात.

गेन, सी आणि रेन: तीन बटणांची गोष्ट

रडार कुठल्याही कंपनीचं असो, त्यावर तीन बटणं असतातच. गेन, सी आणि रेन. रेनकडे नंतर येऊ.

गेन म्हणजे आजोबांच्या कानाच्या मशीनचा आवाज. वाढवला तर नातवाची कुजबुजही ऐकू येते पण त्याबरोबर पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, भांड्यांचा खणखणाट सगळंच कानात घुसतं. वैतागून कमी केला की शांतता मिळते, आणि नातू काय बोलला तेही जातं. सी हे बटण त्याच मशीनची जरा हुशार सोय आहे, ते फक्त जवळचा आवाज दाबतं आणि लांबचा तसाच ठेवतं, कारण क्लटर जवळच जोरात असतं आणि अंतराबरोबर कमी होत जातं. कल्पना उत्तम. फक्त जवळ बसलेला नातू हळू आवाजात बोलत असेल तर पंख्याबरोबर तोही गप्प होतो. इथे नातू म्हणजे दोन मैलांवरची लाकडी बोट.

आता हे लावायचं कसं. आधी सी आणि रेन दोन्ही शून्यावर आणायचे आणि रेंज (पडदा किती लांबपर्यंतचं दाखवतो ते) १२ किंवा २४ मैलांवर ठेवून गेन वाढवत न्यायचा, इतका की पडद्यावर सगळीकडे अगदी बारीक रवाळ ठिपके दिसायला लागतील. पडदा काळाकुळकुळीत स्वच्छ दिसत असेल तर गेन कमी आहे असं समजायचं. नवीन मुलं इथेच चुकतात, त्यांना तो रवा घाण वाटतो. मग रेंज ६ किंवा ३ मैलांवर आणायची आणि सी हळूहळू वाढवायचं, आणि वाढवताना लक्ष वाऱ्याच्या उलट बाजूवर ठेवायचं. तिकडचं क्लटर जेमतेम जाईल आणि वाऱ्याच्या बाजूला सुटे सुटे ठिपके शिल्लक राहतील तिथे थांबायचं. वाऱ्याकडची बाजूसुद्धा चकाचक होईपर्यंत फिरवत राहिलात तर उलट बाजूला तुम्ही बोटीच काय, बोयेसुद्धा पुसून टाकलेले असतात. म्हणून जवळपास एखादा बोया असेल ज्याची जागा नकाशावरून माहीत आहे, तर तो दिसतोय ना हे बघायचं. बोया गायब म्हणजे बोटही गायब असणार.

आणि हे एकदा लावून विसरायचं काम नाही. जहाजाने दिशा बदलली, वारा वळला, सर आली, प्रत्येक वेळी परत. मी सांगेन की खराब हवेत दर काही मिनिटांनी सी थोडं खाली आणायचं, क्लटर भरू द्यायचं, आणि परत सावकाश वर न्यायचं. क्लटर विरळ होत जातं तेव्हा काही ठिपके इतरांच्या आधी जातात आणि एखादा चिवटपणे शेवटपर्यंत राहतो, तोच शोधायचाय. पडदा स्थिर ठेवून नुसतं बघत बसलात तर हे कधीच दिसणार नाही.

मग जास्त पॉवरचं रडार बसवा की!

हे सगळ्यांनाच सुचतं. जहाजाचं साधं रडार २५ किलोवॅटच्या आसपासचं असतं. लहर जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते, त्यामुळे मोकळ्या हवेत दुप्पट लांबचं बघायचं तर पॉवर १६ पट लागते, म्हणजे ४०० किलोवॅट. पण समजा बसवलंही, तरी क्लटरमध्ये उपयोग शून्य, कारण बोटीचा एको जितका वाढला तितकाच लाटेचाही वाढला. प्रश्न एको कमजोर असण्याचा नाही, शेजारच्या लाटेपेक्षा वेगळा न दिसण्याचा आहे.

रडार आणखी उंच लावलं तर? अजून वाईट, वरून बघितल्यावर लाटांचे चेहरे जास्त लांबपर्यंत दिसतात आणि गोळा मोठा होतो. उंच ब्रिजच्या कंटेनर जहाजाला हा त्रास किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या छोट्या कोस्टरपेक्षा जास्त असतो.

खरा उपयोग होतो तो ठोका छोटा करण्याचा. एक मायक्रोसेकंदाचा लांब ठोका समुद्रावर १५० मीटर लांबीचा पट्टा एकदम झाकतो. तीन मैलांवर रडारच्या एक अंशाच्या झोताची रुंदी होते जवळजवळ १०० मीटर. म्हणजे १५० गुणिले १०० मीटरच्या चौकोनात जेवढ्या लाटा आहेत त्या सगळ्यांचं उत्तर एकत्र येणार आणि त्यात बोट कुठेतरी मुरलेली. तोच ठोका ०.०७ मायक्रोसेकंद केला की पट्टा साधारण १० मीटरचा. बोटीशी स्पर्धा करणाऱ्या लाटा पंधरा पटीने कमी झाल्या! रेंज छोटी केली की बहुतेक रडार आपोआप छोट्या ठोक्यावर जातात, पण मधल्या रेंजला छोटा-लांब निवडता येतो आणि तिथे खराब हवेत छोटाच घ्यायचा. लांबचं थोडं कमी दिसेल, पण लांबचं बघायला दुसरं रडार असतंच.

पावसाची भानगड वेगळी

३००० ग्रॉस टनाच्या वरच्या जहाजावर दोन रडार लागतात. एक एक्स बँड, ज्याची लहर साधारण ३ सेंटिमीटरची, दुसरं सहसा एस बँड, लहर १० सेंटिमीटरची. बाहेरून ओळखायचं तर लांब पट्टी एसची, आखूड एक्सची.

पावसाचा थेंब लहरीच्या मानाने बारीक असतो आणि असा बारीक कण किती लहर परत फेकतो ते लहरीच्या लांबीवर भयंकर अवलंबून असतं. त्याच पावसातून एक्स बँडला एस बँडपेक्षा साधारण १०० पट जास्त एको येतो. म्हणून ऑगस्टमधली एखादी जोरदार सर एक्स बँडवर कापसाच्या गाठोड्यासारखी दिसते आणि एसवर पुसट. (आपल्या हवामान खात्याचं काम बरोबर उलटं, त्यांना पाऊसच बघायचा असतो. तरी कुलाब्याचं डॉप्लर रडार एस बँडचंच आहे, कारण जवळची सर लांबच्या सरीला झाकते आणि तो प्रकार एसमध्ये कमी होतो.)

जहाजावरही हाच प्रकार छळतो. सरीच्या आत असलेली बोट ही एक गोष्ट आणि सरीच्या मागे असलेली बोट ही दुसरी. आतली बोट पावसाच्या एकोमध्ये बुडालेली असते, तिथे रेन हे बटण कामाला येतं, ते पसरट एको कापून फक्त जिथे एको अचानक सुरू होतो ती कड ठेवतं, मग गाठोडं विरघळतं आणि आत टणक काही असेल तर डोकावतं. मागच्या बोटीपर्यंत मात्र एक्सची लहर पोचेपर्यंत आणि परत येईपर्यंत पावसाने खाल्लेली असते, तिथे रेन कितीही फिरवा, जे आलंच नाही ते दिसणार कुठून. तेव्हा एस बँडकडे जायचं.

मग कायम एसच का नाही वापरत, असं कोणी म्हणेल. एक तर त्याचा झोत जास्त रुंद, त्यामुळे जवळजवळच्या दोन बोटी एकच दिसतात. दुसरं, लहर परत फेकायला बोटीवर जो धातूचा रिफ्लेक्टर टांगतात तो एक्सला जेवढा चमकतो त्याच्या साधारण दहाव्या हिश्शानेच एसला दिसतो. म्हणजे लाटांमध्ये आणि पावसात एस सरस पण बोटीचा रिफ्लेक्टर बघायला एक्स सरस. आणि तिसरं कारण तर जिवाशीच गाठ आहे. बुडणाऱ्या जहाजावरची माणसं लाइफराफ्टमध्ये (जीव वाचवायच्या तराफ्यात) जाताना सार्ट नावाचं यंत्र घेऊन जातात, ते रडारची लहर लागली की उलट उत्तर देतं आणि पडद्यावर १२ ठिपक्यांची रांग उमटते, ते फक्त एक्स बँडलाच उत्तर देतं. शोधाशोध चालू असेल आणि एक्स बंद ठेवून नुसतं एसवरच बघत असाल तर राफ्ट समोर असून सापडणार नाही. तिथे सी आणि रेन दोन्ही अगदी कमी करायचे असतात, घाण पडदा चालेल पण ती रांग पुसली जाता कामा नये.

म्हणून माझं मत असं की खराब हवेत दोन्ही रडार चालू, एक्स ३ किंवा ६ मैलांवर आणि एस १२ वर, आणि दोघांपैकी एकावर तरी पाऊस अजिबात पुसायचा नाही. सर कुठे आहे ते माहीत असेल तर आपण कुठे आंधळे आहोत ते तरी माहीत असतं.

नवीन रडार ऑटोमॅटिक असतात ना?

असतात, आणि बरेचदा माझ्यापेक्षा चांगलं लावतात, खोटं कशाला बोला. ऑटो मोड प्रत्येक दिशेला आजूबाजूचं क्लटर मोजून तेवढंच दाबतो, माणसाला एकच बटण सगळ्या दिशांना सारखं लावावं लागतं. शिवाय लागोपाठच्या फेऱ्या ताडून बघायची सोय असते, लाट एका फेरीत दिसून पुढच्या फेरीत नसते, म्हणून जे दोन-तीन फेऱ्यांत त्याच जागी आलं तेच दाखवायचं.

पण वर काय बघितलं? बोटही चार फेऱ्यांतल्या दोनदाच दिसते. मग ही सोय तिलाही लाट समजून काढून टाकू शकते. आणि जोरात पळणारी स्पीडबोट प्रत्येक फेरीत जागा बदलते, तीही निसटते. ऑटो किनाऱ्याजवळ किंवा दाट ट्रॅफिकमध्येही गोंधळतं. त्यामुळे एक रडार ऑटोवर असेल तर दुसरं हाताने लावलेलं असावं. ऑटोचा पडदा सुंदर दिसतो हीच त्याची अडचण, सुंदर पडद्याकडे कोणी संशयाने बघत नाही.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटते ती ट्रेल्सची सोय. प्रत्येक ठिपका मागे शेपटी सोडतो आणि ती शेपटी तीन किंवा सहा मिनिटं पडद्यावर ठेवता येते. लाटांच्या ठिपक्यांना शेपटी नसते, ते इकडे तिकडे शिंपडलेले. बोट अधूनमधूनच दिसत असली तरी तिचे तुटक ठिपके सहा मिनिटांत एका रेषेत येतात, आणि डोळ्याला ती तुटक रेष बरोब्बर सापडते. तीस सेकंद बघून मान वळवणाऱ्याला नाही सापडत. रडारला तो ठिपका पकडून त्याची दिशा-वेग काढायला सांगितलं तरी घाई करायची नाही, यंत्राला एका मिनिटात नुसता कल कळतो आणि भरवशाचा आकडा यायला तीन मिनिटं लागतात, त्यात जहाज डोलत असताना आणि बोट लाटेवर हेलपाटत असताना पडद्यावरचा तो दिशा-वेग दाखवणारा बाण डावी-उजवीकडे नाचतोच. कधीकधी तर यंत्र बोट सोडून शेजारच्या लाटेलाच धरून बसतं!

एआयएस आहे की, रडार हवंच कशाला?

एआयएस म्हणजे प्रत्येक जहाज रेडिओवरून आपलं नाव, जागा, वेग, दिशा सांगत असतं ती यंत्रणा. पाऊस-लाटांचा तिला फारसा त्रास नाही आणि आकडे स्वच्छ येतात. पण ते समोरच्याने सांगितलं तरच. ज्याच्याकडे यंत्र नाही, बंद आहे, बॅटरी गेली आहे, तो एआयएसवर नाहीच, आणि आपल्याकडच्या छोट्या बोटींवर ते सरसकट नसतं. ज्या बोटींवर असतं तेही बहुतेक कमी ताकदीचं, मोठं जहाज चालताना दर २ ते १० सेकंदांनी बोलतं तर हे अर्ध्या मिनिटाने. उलट बाजूने काही ठिकाणी जाळ्याच्या बोयांवरच स्वस्तातले एआयएस लावलेले असतात आणि पडदा खोट्या बोटींनी भरून जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात १ लाख मच्छीमार बोटींना ट्रान्सपॉन्डर द्यायची योजना सुरू झाली, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं आता जहाजांना बोटी दिसणार. ते यंत्र उपग्रहामार्फत किनाऱ्याशी बोलतं, संकटाचा संदेश जातो, हवामानाचा इशारा येतो, काम चांगलंच आहे, पण जहाजाच्या रडारला त्याचा पत्ता नसतो.

दिसलं नाही म्हणजे नाही, असं धरायचं का?

समुद्रावर टकरी टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ सालचे, आणि त्यात हे सगळं आधीच लिहून ठेवलंय. सहाव्या नियमात सुरक्षित वेग ठरवताना छोट्या बोटी रडारवर पुरेशा अंतरावरून दिसणार नाहीत ही शक्यता धरायला सांगितली आहे, सातव्यात तुटपुंज्या माहितीवर, खास करून तुटपुंज्या रडार माहितीवर, अंदाज बांधू नका असं. याला कारणं आहेत. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ इटलीचं प्रवासी जहाज आंद्रेआ डोरिया आणि स्वीडनचं स्टॉकहोम आपटले, ५१ माणसं गेली. दोघांनी एकमेकांना रडारवर आधी बघितलं होतं! एकाला वाटलं आपण उजव्या अंगाने एकमेकांना ओलांडणार, दुसऱ्याला वाटलं डाव्या, एकजण डावीकडे वळला आणि दुसरा उजवीकडे. डोरियावर तर रडारचे ठिपके कागदावर मांडून बघितलेच नव्हते. आजचा एकोणिसावा नियम धुक्या-पावसात नुसतं रडारवर दिसलेल्या पुढच्या जहाजासाठी डावीकडे वळणं टाळा म्हणतो.

आता आपल्या बोटीचा हिशोब करा. जहाज १८ नॉटने, म्हणजे तासाला १८ सागरी मैलांनी, चाललंय, म्हणजे एक मैल ३ मिनिटं २० सेकंदांत. बोट क्लटरमधून दोन मैलांवर दिसली तर हातात साडेसहा मिनिटं. त्यातली तीन रडारच्या बाणाला स्थिर व्हायला. मोठं जहाज सुकाणू फिरवल्यावर लगेच वळत नाही. वेग १० नॉट केला तर तेच दोन मैल १२ मिनिटांचे होतात. रडारच्या कुठल्याही बटणापेक्षा इंजिनाचा दांडा जास्त वेळ मिळवून देतो, पण कंपनीचं वेळापत्रक, बर्थची (धक्क्याला लागायची) वेळ, चार्टररचा, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचा, फोन हे सगळं त्या दांड्यावर बसलेलं असतं आणि कॅप्टनला उठवून वेग कमी करतो म्हणायला ज्युनियर ऑफिसर कचरतो. माझ्या मते टकरींचं मूळ रडारपेक्षा इथे जास्त असतं. बरोबरीने ब्रिजवर एक जास्तीचा माणूस, डोळ्यांना दुर्बीण, दार उघडून कान बाहेर.

बोटवाल्यांनी काय करायचं?

रिफ्लेक्टर लावा, आणि नीट लावा. एकमेकांना काटकोनात जोडलेले तीन पत्रे, त्यांच्या कोपऱ्यात शिरलेली लहर जिथून आली तिथेच परत जाते, एवढं साधं तंत्र आहे. आकार दुप्पट केला तर एक्स बँडवर एको १६ पट होतो, म्हणून दोन छोटे घेण्यापेक्षा एक मोठा घ्यावा. पत्रा ठेचकाळून काटकोन बिघडला की काम संपलं. डोलकाठीवर जितका उंच जाईल तितका, लाटेच्या खड्ड्यातूनही डोकं वर राहावं म्हणून, आणि पाऊस साठेल असा एक खोलगट कोपरा आभाळाकडे करून घट्ट बांधायचा. सुतळीने एका टोकाला लोंबकळवला तर गिरक्या घेत राहतो आणि निम्म्या वेळा चुकीचं तोंड जहाजाकडे करतो.

दिव्यांचंही बघा. डेकवर झगझगीत पांढरे हॅलोजन लावले की तांडेलला वाटतं आपण लांबून दिसतोय, दिसतोही, पण मासेमारी सांगणारे दिवे, ट्रॉलरला पांढऱ्यावर हिरवा आणि बाकीच्यांना पांढऱ्यावर लाल, ते त्या झगमगाटात हरवतात आणि जहाजाला कळत नाही की जाळं पाण्यात आहे का आणि बोट कुठल्या बाजूला जाईल.

व्हीएचएफ, म्हणजे जहाजांशी बोलायचा रेडिओ, असेल तर १६ नंबरचा चॅनल चालू ठेवा, गाण्यांच्या आवाजाखाली नको. जहाज अंगावर येतंय असं वाटलं तर लवकर बोला, अर्ध्या मैलावर आल्यावर नाही. एआयएसवर त्याचं नाव दिसत असेल तर नावाने हाक मारा. नसेल तर जीपीएसवरची स्वतःची पोझिशन आणि ते जहाज कुठल्या दिशेला, किती मैलांवर आहे ते सांगा. नुसतं ओ बडा जहाज, ओ बडा जहाज करत राहिलात तर एक तर चार जहाजं एकदम उत्तर देतात, नाहीतर एकही देत नाही.